जमीन कोणाच्या नावावर?

१९९० सालचा उन्हाळा. नॉर्वेतले दोन तरुण ऊन अंगावर घ्यायला बाहेर पडले आणि बागेतल्या एका बाकावर येऊन बसले. एकाचे नाव हॉवर्ड नॉर्ड, दुसऱ्याचे आइरिक चॅम्बे-एंग. ट्रॉन्हाइमच्या तंत्रशिक्षण संस्थेतले हे दोघे जुने सोबती. अल्ट्रासाऊंडची चित्रे साठवणारा एक प्रोग्राम ते मिळून लिहीत होते. तो युनिक्सवर चालायला हवा होता, मॅकिंटॉशवर चालायला हवा होता आणि विंडोजवरही. तिन्हींची रीत निराळी. म्हणजे तीच खिडकी, तीच यादी, तेच बटण तीन वेळा लिहायचे. बाकावर बसल्या बसल्या नॉर्ड यांनी विषय काढला की, पडद्यावर या गोष्टी मांडणारी एक नीट रचलेली व्यवस्था आता आपणच उभी केली पाहिजे.

त्या बोलण्यातून पुढे जे उभे राहिले त्याचे नाव ‘क्यूटी’. संगणकाच्या इतिहासात या नावाभोवती जे घडले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. एका लहानशा कंपनीने बनवलेल्या उत्तम वस्तूवर शेकडो स्वयंसेवकांनी आपले घर बांधले. घर उभे राहत असतानाच प्रश्न आला की, खालची जमीन कोणाच्या नावावर आहे? त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला चार वर्षे लागली. ते उत्तर ज्या रीतीने मिळाले, ती रीत प्रत्येक प्रोग्रामरने आणि सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने माहीत करून घ्यावी, अशी आहे.

बटणामागचे घर

आधी वस्तू समजून घेऊ. पडद्यावरचे साधे बटण घ्या. माऊस त्याच्यावर आला की त्याचा रंग किंचित बदलतो. दाबले की ते आत गेल्यासारखे दिसते. दाबून धरलेले बोट तसेच बाजूला सरकवून सोडले, तर काम होत नाही. माणसाने विचार बदलला हे बटणाला कळते. माऊस नसेल तर कीबोर्डवरून तिथे पोहोचता येते. बटणावरची अक्षरे लांबली तर बटण रुंद होते. हे सारे प्रत्येक प्रोग्रामर नव्याने लिहीत बसला तर मूळ काम राहूनच जाईल. म्हणून बटणे, याद्या, खिडक्या, चौकटी असा तयार संच वापरतात. त्याला टूलकिट म्हणतात. त्याचा पसारा वाढून फाइली वाचणे, नेटवर्कशी बोलणे, डेटाबेस हाताळणे अशी कामेही त्यात आली की त्याला फ्रेमवर्क म्हणू लागतात.

सुताराने हातोडी बदलली म्हणून टेबल बदलत नाही. फ्रेमवर्कचे तसे नसते. प्रोग्रामची ओळन् ओळ त्याच्या शब्दांत लिहिली जाते आणि त्याच्या रीतीने विचार करू लागते. दोन-तीन वर्षे काम झाल्यावर ‘आता दुसरे फ्रेमवर्क घेऊ’ असे म्हणणे म्हणजे भिंती तशाच ठेवून पाया बदलायला निघणे. गोव्यात मुंडकार कोणाला म्हणतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली मेख चटकन कळेल. घर मुंडकाराचे, त्याच्याच हाताने बांधलेले, जमीन भाटकाराची. भाटकार भला असेल तोवर सगळे सुखाने चालते. पण निर्धास्त झोपायला कायद्याचा कागद लागतो, म्हणून तर १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी युनिक्सच्या जगात अशी मोठी जमीन होती ती ‘मोटिफ’ या टूलकिटची. मोठमोठ्या संगणक कंपन्यांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनने १९८९ मध्ये ती आणली. नावात ‘ओपन’ असले तरी मोटिफसाठी परवान्याचे पैसे मोजावे लागत. महागडी वर्कस्टेशने घेणाऱ्या कंपन्यांना त्याचे काही वाटत नसे. पण १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स जगापुढे ठेवले आणि साध्या पीसीवर युनिक्ससारखी व्यवस्था चालवणारी विद्यार्थ्यांची एक नवी पिढी तयार झाली. त्यांच्याजवळ वेळ होता, बुद्धी होती, पैसे नव्हते.

बर्कलीच्या विद्यापीठातले स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे त्याच पिढीतले. ‘गिंप’ हा चित्रे संपादित करण्याचा प्रोग्राम त्यांनी लिहिला. १९९६ च्या सुरुवातीला त्याची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली ती मोटिफवर बेतलेली. गिंप मुक्त होता, पण ज्याच्याकडे मोटिफ नाही त्याला तो स्वतः बांधून घेता येईना. मग मॅटिसने मोटिफ बाजूला सारून गिंपपुरते स्वतःचे टूलकिट लिहिले. त्याचे नाव ‘जीटीके’. एका प्रोग्रामची अडचण दूर करायला लिहिलेला हा संच पुढल्या वर्षी एका मोठ्या लढ्यातले हत्यार होणार होता.

ओस्लोतली कंपनी

इकडे नॉर्वेत नॉर्ड यांनी १९९१ पासून लिहायला घेतले होते. पुढल्या वर्षी चॅम्बे-एंग यांना एक कल्पना सुचली, तिला त्यांनी ‘सिग्नल आणि स्लॉट’ असे नाव दिले. कल्पना अशी की, बटणाने फक्त हाक द्यायची: ‘मला दाबले.’ ही हाक कोणी ऐकायची आणि ऐकून काय करायचे, याच्याशी बटणाला कर्तव्य नाही. ऐकणारा वेगळा, त्याची गाठ प्रोग्रामर नंतर एका ओळीत बांधतो. पुढे अनेकांनी आपापल्या टूलकिटमध्ये ही कल्पना उचलली.

४ मार्च १९९४ रोजी त्यांनी कंपनी नोंदवली. तिचे नाव नंतर ट्रोलटेक झाले. सुरुवातीला ना ग्राहक होते, ना भांडवल. दोघांच्या बायका नोकरी करत होत्या आणि त्यांच्या पगारावर दोन्ही घरे चालली होती. क्यू हे अक्षर निवडले कारण नॉर्ड यांच्या एडिटरमधल्या फॉन्टमध्ये ते देखणे दिसे; टी घेतला टूलकिटचा. २० मे १९९५ रोजी त्यांनी क्यूटी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवली आणि सहा दिवसांनी लिनक्सच्या मंडळींना खबर दिली. मार्च १९९६ मध्ये युरोपियन स्पेस एजन्सीने दहा परवाने घेतले. तो त्यांचा दुसरा ग्राहक.

ट्रोलटेकने परवान्याची दुहेरी पद्धत ठेवली होती. क्यूटीवर धंद्याचे, बंद सॉफ्टवेअर लिहायचे असेल तर पैसे भरा. युनिक्स किंवा लिनक्सवर सर्वांसाठी खुले सॉफ्टवेअर लिहीत असाल तर क्यूटी फुकट घ्या; सोबत सोर्स कोडही घ्या, वाचा. त्या काळात इतका मोकळा हात फार थोड्या कंपन्या ठेवत. मात्र परवान्यात एक अट होती: क्यूटीमध्ये बदल करून ती बदललेली क्यूटी दुसऱ्याला देता येणार नाही. साऱ्या भांडणाचे मूळ या एका अटीत होते.

ट्युबिंगनचा विद्यार्थी

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातला २४ वर्षांचा विद्यार्थी माटियास एट्रिश याने जगभरच्या प्रोग्रामरांना उद्देशून एक लांबलचक आवाहन प्रसिद्ध केले. ‘लिक्स’ नावाचा लेखनाचा प्रोग्राम लिहून त्याने आधीच नाव मिळवले होते. त्याचे म्हणणे सरळ होते. लिनक्सवरचा एक प्रोग्राम एका टूलकिटने बनलेला, दुसरा दुसऱ्याने. एकाची सरकपट्टी उजवीकडे तर दुसऱ्याची डावीकडे, एकातून उचललेला मजकूर दुसऱ्यात जाईल याची खात्री नाही, मदतीची पाने प्रत्येकाची निराळी. प्रोग्रामरला याची सवय झालेली असते, पण घरातल्या साध्या माणसाने हे का सोसायचे? सर्वांना एकसारखा वाटेल असा, मुक्त, देखणा डेस्कटॉप आपण मिळून बांधूया. या प्रकल्पाचे नाव केडीई. आणि तो क्यूटीवर बांधायचा, हेही त्याने तिथेच सांगून टाकले.

हात पुढे आले, तसे आक्षेपही आले. एट्रिशची बाजू पोकळ नव्हती. त्या वेळी क्यूटीच्या तोडीचे काही उपलब्ध नव्हते. आधी टूलकिट लिहा, मग डेस्कटॉप लिहा असे म्हटले असते तर डेस्कटॉप कधी झालाच नसता. १९९७ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस जर्मनीतल्या आर्न्सबर्ग गावी पंधराएक जण पहिल्यांदा समोरासमोर भेटले. तोवर ही माणसे एकमेकांना फक्त ईमेलने ओळखत होती. १२ जुलै १९९८ रोजी केडीई १.० बाहेर पडला. आवाहनाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. उत्कृष्ट पायावर बांधले की इमारत किती भराभर चढते, याचा तो पुरावा होता.

फुकट आणि मुक्त

इथे मराठी आपल्या मदतीला येते. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने दोन अर्थ निघतात आणि तिकडच्या लोकांना त्यांचा फरक पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे फुकट आणि मुक्त हे सरळ दोन शब्द आहेत. क्यूटी फुकट होती. मुक्त नव्हती.

मुक्त म्हणजे काय, याची व्याख्या रिचर्ड स्टॉलमन यांनी घालून दिली होती. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना लिहिला. प्रोग्राम वापरा, तपासा, बदला, बदललेला दुसऱ्याला द्या. मात्र देताना तुम्हाला मिळालेले सारे हक्क त्यालाही द्या, आणि ते पूर्ण प्रोग्रामवर द्या, त्याच्या एखाद्या तुकड्यावर नव्हे. जीपीएलचे बळ या शेवटच्या अटीत आहे. मुक्त कोड घेऊन त्याला बंद कोडाची जोड द्यायची आणि एकूण माल बंद ठेवायचा, ही वाट ती अडवते.

केडीईचे प्रोग्राम जीपीएलखाली होते. म्हणजे जो केडीई वाटेल त्याने पूर्ण प्रोग्रामवर हक्क द्यायला हवेत, आणि पूर्ण प्रोग्रामात क्यूटीही आली. क्यूटीवर बदल करून वाटण्याचा हक्क कोणाकडेच नव्हता. जे आपल्याजवळ नाही ते पुढे देणार कसे? ज्यांनी केडीईसाठी नवा कोड लिहिला त्यांची त्याला मूक संमती होती असे मानता येईल. पण केडीईत इतरत्र लिहिलेला जीपीएल कोडही उचलून आणलेला होता. त्या लेखकांना कोणी विचारले नव्हते.

जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या डेबियन या लिनक्स वितरणाने जुलै १९९७ मध्ये आपली सामाजिक सनद आणि मुक्त सॉफ्टवेअरचे निकष लेखी करून ठेवले होते. त्या निकषांत क्यूटी बसत नव्हती. ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियनने केडीई आपल्या संग्रहातून काढून टाकला. रेड हॅट कंपनीनेही तोवर केडीई आपल्या वितरणात घेतला नव्हता. ज्यांनी दोन वर्षे रात्री जागून, एक पैसा न घेता काम केले, त्यांचेच काम मुक्त सॉफ्टवेअरच्या दारातून परत पाठवले गेले. त्यांना किती लागले असेल, याची कल्पना करता येते. तरीही डेबियनची बाजू खरी होती, असे मला आज मागे वळून पाहताना वाटते. निकष आपल्या माणसाला लावता येत नसेल तर तो निकष कसला?

तीन वाटा

या पेचातून तीन वाटा निघाल्या आणि तिन्ही एकाच वेळी चालू होत्या.

पहिली वाट मेक्सिकोतून आली. १५ ऑगस्ट १९९७ रोजी मेक्सिको सिटीतला तरुण प्रोग्रामर मिगेल दे इकासा याने त्याचा मित्र फेदेरिको मेना याच्या साथीने ‘ग्नोम’ प्रकल्प जाहीर केला. डेस्कटॉप केडीईसारखाच, पण पायापासून मुक्त. पाया म्हणून त्यांनी निवडले जीटीके, म्हणजे मोटिफला कंटाळून मॅटिसने लिहिलेले तेच टूलकिट. १९९८ मध्ये रेड हॅटने ग्नोमच्या कामासाठी खास प्रयोगशाळा उघडली आणि मार्च १९९९ मध्ये ग्नोम १.० आला. सुरुवातीला तो केडीईपेक्षा कच्चा होता. पण तो होता, आणि त्याच्या असण्याने गणित बदलले.

दुसरी वाट ‘हार्मनी’ची. काही जणांनी ठरवले की क्यूटीसारखेच दिसणारे, क्यूटीच्याच नावाने हाका घेणारे, पण आतून नव्याने लिहिलेले मुक्त टूलकिट बनवायचे. म्हणजे केडीईची एकही भिंत न पाडता खालची क्यूटी काढून तिथे हार्मनी बसवता येईल. हे काम कधी पूर्ण झाले नाही. तरीही ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. आपल्या वस्तूला पर्याय तयार होतो आहे हे दिसले की मालक परवान्याची कलमे पुन्हा वाचायला बसतो.

तिसऱ्या वाटेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, मला मात्र ती सर्वांत शहाणपणाची वाटते. केडीईच्या मंडळींनी एक नोंदणीकृत संस्था काढली होती. १९९८ मध्ये ती संस्था आणि ट्रोलटेक यांनी मिळून ‘केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन’ स्थापन केले. त्याच्या करारातली कलमे जवळून पाहण्यासारखी आहेत. समितीवर दोन माणसे कंपनीची, दोन केडीईची. मते सारखी पडली तर केडीईचा शब्द चालणार. ट्रोलटेकने क्यूटीच्या फुकट आवृत्तीचे काम थांबवले आणि बारा महिन्यांत नवी आवृत्ती काढली नाही, तर शेवटची आवृत्ती अगदी सैल परवान्याखाली जगाला खुली करण्याचा अधिकार फाउंडेशनला. कंपनी विकली गेली किंवा बुडाली तरी हा अधिकार कायम.

हा करार झाला तेव्हा दोन्ही बाजूंचे संबंध चांगले होते. ट्रोलटेकच्या माणसांवर केडीईवाल्यांचा विश्वास होता आणि खुद्द एट्रिश पुढे त्याच कंपनीत नोकरीला गेला. पण विश्वास आहे तेव्हाच कागद करून घ्यावा, हे त्यांना उमगले होते. भावाभावांत वाटणीपत्र गोडीत असतानाच होते. कज्जा सुरू झाल्यावर होतो तो कोर्टाचा हुकूम.

पुढचा घटनाक्रम भरभर सरकला. नोव्हेंबर १९९८ मध्ये ट्रोलटेकने नवा परवाना जाहीर केला आणि जून १९९९ मध्ये क्यूटी २.० त्या परवान्याखाली आली. आता बदल करून वाटायची मुभा होती, पण मूळ कोड तसाच ठेवून बदल वेगळ्या तुकड्यांत द्यायचा. क्यूटी मुक्त झाली खरी, तरी जीपीएलशी तिचे जमेना. शेवटी ४ सप्टेंबर २००० रोजी ट्रोलटेकने जाहीर केले की, युनिक्स-लिनक्सवरची क्यूटी जीपीएलखालीही मिळेल. कायद्याचा वाद तिथे संपला. दुसऱ्याच दिवशी स्टॉलमन यांनी लिहिले की, आजवर ज्यांचा जीपीएल कोड विनापरवानगी क्यूटीला जोडला, त्या लेखकांची केडीईने क्षमा मागून घ्यावी. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल, पण समेटाच्या दुसऱ्याच दिवशी जुना हिशेब पुढे आल्याने केडीईच्या लोकांची मने दुखावली. दोन डेस्कटॉपांतला दुरावा त्यानंतरही बरीच वर्षे टिकला.

ट्रोलटेकचे यात नुकसान झाले का? उलट झाले. जीपीएलखालची क्यूटी वापरून बंद प्रोग्राम विकता येत नाही. ज्याला तसा विकायचा आहे त्याला ट्रोलटेककडे येऊन पैसे भरूनच परवाना घ्यावा लागे. मुक्त जगाला पूर्ण हक्क आणि बंद जगाकडून दाम, असा धंदा जमला. २००५ मध्ये विंडोजवरची क्यूटीही जीपीएलखाली आली आणि २००६ मध्ये कंपनी ओस्लोच्या शेअर बाजारात उतरली.

याउलट मोटिफचे काय झाले ते पाहा. मे २००० मध्ये तिचे दार किलकिले झाले. मुक्त प्रणालींवर ती वापरायची मुभा मिळाली. पूर्ण मुक्त परवाना मिळायला २०१२ साल उजाडले. तोवर नवे काही बांधायला मोटिफच्या जमिनीवर कोणी उरले नव्हते. मुक्त होणे महत्त्वाचे, तसे वेळेवर मुक्त होणेही महत्त्वाचे.

मालक बदलत गेले

जानेवारी २००८ मध्ये फिनलंडच्या नोकियाने ट्रोलटेक विकत घेण्याची बोली लावली आणि त्याच वर्षी व्यवहार पुरा झाला. मार्च २००९ मध्ये नोकियाने क्यूटी एलजीपीएल या आणखी सैल परवान्याखाली आणली. आता बंद प्रोग्रामही काही अटी पाळून पैसे न भरता क्यूटी वापरू शकत होते. नोकियाला आपल्या फोनसाठी प्रोग्रामरांची फौज हवी होती आणि क्यूटी हे तिचे आमंत्रण होते. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून विंडोज फोनची वाट धरली आणि त्या आमंत्रणाचे कारणच उरले नाही. २०१२ मध्ये क्यूटी डिजिया या फिनिश कंपनीकडे गेली. २०१४ मध्ये त्यातून क्यूटी कंपनी वेगळी निघाली.

बागेतल्या बाकापासून इथवर येताना जमीन तीन-चार जणांच्या नावावर फिरली. दरवेळी नव्या मालकाचे हिशेब निराळे होते. १९९८ च्या कराराच्या पुढे सुधारित आवृत्त्या झाल्या, पण त्याचा गाभा तोच राहिला आणि प्रत्येक मालकाला तो जमिनीसोबत घ्यावा लागला.

त्याची कसोटी २०२० मध्ये लागली. जानेवारीत क्यूटी कंपनीने जाहीर केले की, दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्त्या यापुढे फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळतील. एप्रिलमध्ये, कोरोनाची पहिली लाट असताना, फाउंडेशनवरच्या केडीईच्या प्रतिनिधीने आपल्या लोकांना कळवले की, उत्पन्न वाढवण्यासाठी क्यूटीची प्रत्येक आवृत्ती पहिले बारा महिने फक्त ग्राहकांना द्यावी, असा विचार कंपनीत चालू असल्याचे आपल्याला सांगण्यात आले आहे. खळबळ उडाली. कंपनीने लगेच खुलासा करून मुक्त आवृत्तीशी असलेली बांधिलकी पुन्हा सांगितली आणि तसे काही घडले नाही.

या बातमीतला आकडा नीट पाहा. बारा महिने. बावीस वर्षांपूर्वीच्या करारातलाही तोच आकडा. विचार झाला तोही त्या कुंपणाच्या आत, कारण कुंपणापलीकडे पाऊल टाकले असते तर क्यूटी सैल परवान्याखाली जगाची झाली असती. करार झाला तेव्हा कंपनी चालवणारे नॉर्ड आणि चॅम्बे-एंग कधीच बाहेर पडले होते. त्यांचा भलेपणा त्यांच्याबरोबर गेला. कागद मागे राहिला आणि राखणीला उभा राहिला. पुढे २०२१ मध्ये एका आवृत्तीच्या दुरुस्त्या खरोखरच ग्राहकांपुरत्या राहिल्या, तेव्हा केडीईने मुक्त कोडातून हव्या त्या दुरुस्त्या गोळा करून स्वतःचा संच चालवला. बदल करण्याचा आणि वाटण्याचा हक्क हाती असल्याने त्यांना कोणाला विचारावे लागले नाही.

दर्या आणि दऱ्या

ही सारी युरोप-अमेरिकेतली हकिगत. तिचा आपल्याशी संबंध काय? तो आपल्या अक्षरांत आहे.

मराठी पडद्यावर उमटवणे सोपे नाही. ‘किल्ला’ लिहिताना संगणकाच्या स्मृतीत आधी क येतो, मग ह्रस्व वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी दिसायला हवी. ‘मूर्ती’तला र टंकताना त च्या आधी येतो आणि दिसताना रफार होऊन ‘ती’च्या डोक्यावर बसतो. शिवाय मराठीची एक खास लकब आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ वेगळे. पापणीच्या केसासारखा तो आडवा र हिंदीला लागत नाही, आपल्याला रोज लागतो. तो चुकला तर विद्वानाचा स्वयंपाकी होतो. कोणत्या अक्षरानंतर काय आले की कोणता आकार घ्यायचा आणि तो कुठे बसवायचा, हे काम करणाऱ्या भागाला लिपीरचनेचे इंजिन म्हणता येईल.

ग्नोमच्या बाजूला हे काम ‘पँगो’ नावाची लायब्ररी करत असे. क्यूटीच्या बाजूला क्यूटीचे स्वतःचे इंजिन होते. दोन छावण्या, दोन इंजिने, एकच अवघड काम. दोन्हीकडच्या अनुभवी प्रोग्रामरांनी शेवटी ठरवले की, हे दोनदा लिहिण्यात अर्थ नाही. दोन्हीकडच्या कोडातून ‘हार्फबझ’ नावाचे सामाईक इंजिन उभे राहिले आणि पुढे ते नव्याने लिहिले गेले. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुले. यातला हर्फ मराठीलाही परका नाही. दोन्ही घरांचे परवाने मुक्त होते म्हणूनच हे जमले. क्यूटी १९९६ च्या अटीवर अडून राहिली असती तर तिचा कोड उचलून प्रतिस्पर्ध्याच्या कोडाशेजारी ठेवायला कोणाला परवानगीच मिळाली नसती.

आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत हार्फबझ आहे. आणि क्रोमचे मूळही केडीईतच आहे. केडीईच्या ब्राउझरसाठी स्वयंसेवकांनी लिहिलेले केएचटीएमएल हे इंजिन ॲपलने उचलले आणि जानेवारी २००३ मध्ये त्यावर बांधलेला सफारी हा ब्राउझर जाहीर केला. त्यातून वेबकिट झाले आणि २०१३ मध्ये गूगलने क्रोमसाठी त्याची ब्लिंक ही वेगळी शाखा काढली. पुण्याचाही एक धागा या गोष्टीत विणलेला आहे. रेड हॅटने भारतीय लिप्यांसाठी मुक्त केलेले ‘लोहित’ हे फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले. श्रीलिपी बनवणारी तीच ही कंपनी. पुण्यात घडलेली अक्षरे जगभरच्या लिनक्सवर पोहोचली, ती मुक्त परवान्याच्या गाडीत बसून.

म्हणून आज एखादी शाळा, एखादी बँक, एखादे सरकारी खाते किंवा पुण्यातली चार माणसांची कंपनी जेव्हा नवे फ्रेमवर्क निवडते, तेव्हा माझे सांगणे एवढेच असते: त्याची बटणे किती देखणी आहेत ते जरूर पाहा, कारण एट्रिशनेही तेच पाहिले आणि त्यामुळेच त्याचे घर लवकर उभे राहिले. पण त्याच दिवशी परवानाही वाचा. बदल करून दुसऱ्याला देता येईल का? मालक बदलला तर काय? काम थांबले तर कोड कोणाचा? उत्तरे आवडली नाहीत तर सगळे मिळून कंपनीशी करार करा, किंवा पर्याय बांधणाऱ्यांना हात द्या. केडीईच्या मंडळींनी करार केला, ग्नोमच्या मंडळींनी पर्याय उभा केला. यातले एकच घडले असते तर क्यूटी मुक्त झाली असती की नाही, मला शंका आहे.

हातातल्या अँड्रॉइड मोबाइलवर ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असे टंकून पाहा. तो आडवा र आपल्या जागी नीट बसेल. त्याला तिथे बसवणारा कोड एकेकाळी भांडणाऱ्या दोन घरांतून आला आहे, आणि तो कोणाही एकाच्या नावावर नाही.